न्यूमोकोकसची २३ प्रकारांची लस बाळाला का देत नाहीत?

प्रश्न: न्यूमोकोकसच्या (न्यूमोनिया करणारा जिवाणू) २३ प्रकारांवरची लस दोन वर्षांखाली देत नाहीत, पण १३ प्रकारांची सहाव्या आठवड्यापासून चालते. प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी संरक्षक प्रथिनं) तर बी-पेशीच (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बनवतात ना? मग असं का?

उत्तर १: बनवतात बी-पेशीच, पण टी-पेशींच्या (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मदतीनं. २३ वाल्या लशीत जिवाणूच्या कवचातली नुसती शर्करा असते. टी-पेशीला दाखवायला प्रथिनाचा तुकडाच नाही, म्हणून मदत नाही आणि टिकाऊ स्मृतीही नाही. बाळाच्या बी-पेशी एकट्यानं शर्करेला धड दाद देत नाहीत. १३ वाल्या लशीत तीच शर्करा प्रथिनाला (निर्विष केलेलं घटसर्पाचं विष) जोडलेली असते. बी-पेशी दोन्ही गिळते, प्रथिनाचे तुकडे टी-पेशीपुढे धरते. शर्करेवरच्या प्रतिपिंडांसाठी प्रथिनाची वशिलेबाजी, म्हणा ना!

उत्तर २: मदत म्हणजे नेमकं काय, तर टी-पेशीवरचा सीडी-४० लिगँड (एक प्रथिन) बी-पेशीवरच्या सीडी-४० या प्रथिनाला जोडला जातो. मग आयजीएमऐवजी आयजीजी (दोन्ही प्रतिपिंडांचेच प्रकार) बनू लागतं. हा लिगँड जन्मतः सदोष असेल तर आयजीजी फार कमी राहतं, आयजीएम मात्र नॉर्मल किंवा जास्त. अशा मुलात बी-पेशींची संख्या सहसा ठीकच दिसते, म्हणून नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींची मोजणी) विसंबू नका. आयजीजी, आयजीए, आयजीएम मोजा.

उत्तर ३: बाळांच्या प्रथिन-जोड लशीचं सरकारी वेळापत्रक: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. शेवटचा बूस्टर आहे, तोच बरेचदा राहतो.