मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात पार्ट-टाइम शिकवणाऱ्यांचा उन्हाळ्यातला बेरोजगार भत्ता

नमस्कार मंडळी,

मी बे एरियात दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थांच्या) कम्युनिटी कॉलेजांत पार्ट-टाइम गणित शिकवते. इथल्या कायद्यानुसार एका डिस्ट्रिक्टमध्ये आम्हाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त भार देता येत नाही, म्हणून सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. गाडीच्या डिकीत दोन पिशव्या, दोन्हीकडच्या उत्तरपत्रिका. शिकवणं मनापासून आवडतं. दिवसभर नोकरी करून रात्री कॅल्क्युलसला बसणारी मंडळी बघितली की थकवा जाणवतच नाही.

अडचण आहे ती उन्हाळ्याची. मे अखेरीस पगार थांबतो. ऑगस्टच्या नेमणुकीचं पत्र हातात आहे, पण त्यात स्पष्ट लिहिलंय: पुरेशी नोंदणी झाली तरच वर्ग. मागे माझा वर्ग सेमिस्टर तोंडावर आलेलं असताना रद्द झाला होता, तेव्हा ही अट नुसती कागदावरची नाही. सेर्विसी खटल्यातल्या कोर्टाच्या १९८९ च्या निकालाप्रमाणे अशा सशर्त नेमणुकीला कामाची हमी मानत नाहीत आणि भत्ता मागता येतो, एवढं मला ठाऊक आहे.

पण प्रत्यक्ष अर्ज कुणी केलाय का? ईडीडीच्या (बेरोजगार भत्ता देणाऱ्या राज्य खात्याच्या) फॉर्ममध्ये ‘सुट्टीनंतर कामावर परतणार का’ याला नेमकं काय उत्तर लिहिलंत? फोनवर मुलाखत झाली तर काय विचारतात? दोन्ही डिस्ट्रिक्टची पत्रं जोडावी लागतात का? आणि उन्हाळ्यात एखादाच छोटा वर्ग मिळाला, तर ते उत्पन्न कसं दाखवायचं?

युनियनकडेही विचारणार आहेच, पण या वाटेनं गेलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार आधार होईल.