लायडनचं बोंटियस घराणं: वंशावळ लावतेय, पण बाप कोण आणि भाऊ कोण तेच ठरेना

शोधवही

नमस्कार मंडळी. वैद्यकाच्या इतिहासावर एक मोठं टिपण लिहायला घेतलंय, त्यात बेरीबेरी ह्या पायातली ताकद घालवणाऱ्या रोगापाशी आले आणि याकोबुस बोंटियस ह्या माणसात अडकले ती अडकलेच. हा डच डॉक्टर १५९२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला जन्मला, १६१४ मध्ये तिथंच वैद्यकाची डॉक्टरेट घेतली, १६२७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीकडून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला, तिथं जावातल्या माताराम राज्याच्या सैन्याचे दोन वेढे सोसले आणि १६३१ मध्ये तिथंच वारला. त्याचं पुस्तक छापून आलं १६४२ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर अकरा वर्षांनी. बेरीबेरी झालेला माणूस मेंढीसारखा चालतो, गुडघे लटपटतात आणि पाय उचलून टाकतो, म्हणून तिथले लोक त्या रोगाला मेंढीच्या नावानं ओळखतात असं त्यानं लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर मला त्याच्या घरचं सगळं जाणून घ्यायचं झालं.

तर घर असं दिसतंय. गेरार्ड बोंटियस, १५७५ मध्ये लायडन विद्यापीठ सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या वैद्यक प्राध्यापकांपैकी एक, मृत्यू १५९९. रेनियर बोंटियस, जन्म १५७६, तोही लायडनलाच वैद्यकाचा प्राध्यापक, मृत्यू १६२३. विलेम बोंटियस, जन्म १५८८, हा कायद्याचा. आणि आमचा याकोब. नेटवरच्या एका वंशवृक्षात याकोब हा रेनियरचा मुलगा दाखवलाय, दुसऱ्यात भाऊ, तिसऱ्यात तर गेरार्ड दोनदा आलाय वेगवेगळ्या स्पेलिंगनं. तीन आठवडे लायडनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी धुंडाळतेय, याकोबची नोंद काही सापडत नाही. मी चुकीच्या चर्चमध्ये शोधतेय का?

आणि अजून एक, त्याच काळातल्या दुसऱ्या एका घराण्याच्या कागदात एका बाईच्या नावाला डी-आर जोडलेलं दिसलं. सोळाव्या शतकात बाई डॉक्टर? खरं असेल तर मला ते टिपणात घ्यायचंच आहे.

जुनी_पानं

ताई, चर्च बदलून उपयोग नाही, तुम्ही शोधताय ती वहीच आज नाही. लायडनच्या बाप्तिस्म्याच्या उरलेल्या नोंदी १६२१ पासून सुरू होतात, त्याच्या आधीच्या टिकल्या नाहीत. रेम्ब्रांट लायडनचाच, पण त्याचीही बाप्तिस्म्याची नोंद ह्याच कारणानं नाही, त्याची १५ जुलै १६०६ ही जन्मतारीख शहराच्या १६४१ च्या एका वर्णनात छापली गेली म्हणून आपल्याला कळते. एवढ्या मोठ्या चित्रकाराची ही गत, तर १५९२ च्या याकोबची नोंद कुठून सापडणार. तीन आठवडे गेले त्याचं वाईट वाटतं, मीही सुरुवातीला असाच डोकं फोडत बसलो होतो.

डच वंशावळीत सगळे आधी डीटीबीकडे धावतात, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन ह्या चर्चच्या नोंदवह्या. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली १८११ मध्ये फ्रेंच अमलात, दक्षिणेकडच्या काही भागात थोडी आधी. त्याच्या मागे जायचं तर डीटीबी, आणि प्रत्येक गावाची वही वेगळ्या साली सुरू होते. त्यामुळे नोंद शोधायच्या आधी त्या गावाची वही कुठल्या सालापासून आहे ते बघा, ते पाच मिनिटांचं काम आहे.

आता रेनियर बाप की भाऊ? तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे की. रेनियर १५७६ चा, याकोब १५९२ चा. सोळा वर्षांचा पोरगा बाप कसा होईल? त्या काळी तिकडं लग्नं उशिरा, पंचविशीच्या आसपास व्हायची. ते दोघे भाऊच, बाप गेरार्ड. कुणीतरी दोन 'प्राध्यापक बोंटियस' बघितले आणि वयानं मोठा तो बाप असं धरून टाकलं, मग ते झाड दहा जणांनी कॉपी केलं.

लॅटिनचा_नाद

गेरार्ड दोनदा का आलाय ते मी सांगतो. बोंटियस हे घरचं नाव नाही, ते विद्यापीठाचं नाव. घरचं नाव डे बोंट. त्या काळी विद्वान माणसं लॅटिनमध्ये लिहायची, शिकवायची, सही करायची, म्हणून नावालाही लॅटिन शेपूट लागायचं. वान ह्यूर्न झाला ह्यूर्नियस, वान फोरेस्ट झाला फोरेस्टुस, डे ले बो झाला सिल्व्हियस, आणि ह्या शेवटच्यात तर आवाजाचंही साम्य नाही, नावातलं जंगल तेवढं लॅटिनमध्ये नेलंय. तर पुस्तकावर, प्रबंधावर, विद्यापीठाच्या कागदावर बोंटियस सापडेल, पण नोटरीकडं, घराच्या खरेदीखतावर, कराच्या यादीत तोच माणूस डे बोंट, बोंट, बोंड्ट, जसं कारकुनाच्या कानाला लागलं तसं. बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण मुली विद्यापीठात नव्हत्या, त्यामुळे नुसतं बोंटियस टाकून शोधलं तर घरातल्या बायका जवळजवळ गायबच होतात. सर्च करताना टी, डी, डी-टी तिन्ही टाका.

शिवाय कित्येकांना आडनावच नव्हतं, बापाचं नाव लावायचे. रेम्ब्रांटच्या शवविच्छेदनाच्या चित्रातले ते प्रसिद्ध डॉक्टर निकोलास तुल्प, ॲमस्टरडॅमचे, १५९३ मध्ये जन्मले तेव्हा नुसते क्लास पीटरसोन होते, म्हणजे पीटरचा मुलगा क्लास. ट्यूलिपचं फूल त्यांनी पुढं आपलं चिन्ह म्हणून घेतलं आणि तेच नाव झालं. 'तुल्प' टाकून त्यांचे वडील शोधाल तर जन्मभर सापडणार नाहीत.

शोधवही

बापरे, केवढी गाठ सुटली. याकोबला भावाच्या जागी आणला आणि दोन गेरार्डचा एक केला. पण मग बाप्तिस्म्याची वहीच नाही तर नातं सिद्ध करायचं कशावर? नुसत्या वयाच्या फरकावर मला टिपणात ठामपणे लिहायचं नाहीये.

वेसकामर

लग्नाच्या नोंदी बघा ताई, आणि लग्नाच्या म्हणजे लग्नाआधीच्या, ओंडरट्राऊ म्हणतात त्या. बाप्तिस्म्यापेक्षा मला त्याच जास्त आवडतात. लायडनमध्ये वधूवर नाव नोंदवायला यायचे तेव्हा त्यांच्यासोबत कोण आलंय तेही लिहायचे, वडील, भाऊ, आई, मावशी, चुलता, नात्यासकट. एका चार ओळींच्या नोंदीत दोन घराणी उभी राहतात. नवऱ्याचा धंदा, मूळ गाव, राहायचा रस्ता हेही असतं. अविवाहित तरुणाला जे-एम, अविवाहित मुलीला जे-डी अशी अक्षरं असतात, विधवा विधुरांना वेगळी, त्यावरून दुसरं लग्न आहे का ते लगेच कळतं.

तुमच्या त्या बाई डॉक्टर नाहीत हो. ते डी-आर बापाच्या नावाला चिकटून आलं असेल बघा, यान्सडीआर, पीटर्सडीआर असं. डच भाषेत मुलगी म्हणजे डोख्टर, त्याचं ते संक्षिप्त रूप. यानची मुलगी, पीटरची मुलगी. मुलगा असेल तर तिथं नुसता झेड. ह्या दोन अक्षरांनी फार जणांना फसवलंय, छापलेल्या सूचीतसुद्धा मी ही चूक पाहिलीये. आणि बाई लग्नानंतरही कागदावर बहुतेकदा स्वतःच्याच नावानं येते, नवऱ्याच्या नाही, म्हणून ते दोन अक्षर नीट वाचलं तर तिच्या बापापर्यंत जाता येतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मी माझं नाव ज्यावरून घेतलंय ते खातं, वेसकामर, म्हणजे आई किंवा बाप गेलेल्या अज्ञान मुलांच्या वारशाची काळजी घेणारं शहराचं खातं. जोडीदार वारल्यावर दुसरं लग्न करायचं असेल तर आधी मुलांचा वाटा बाजूला काढून नोंदवायला लागायचा, मुलांची नावं, पुष्कळदा वयं, आणि पालक कोण तेही, बहुधा गेलेल्याच्या बाजूचा चुलता किंवा मामा. हॉलंडमध्ये माणूस सज्ञान व्हायचा पंचविसाव्या वर्षी. गेरार्ड गेला १५९९ मध्ये. तेव्हा याकोब सात वर्षांचा, विलेम अकरा, आणि रेनियर तेवीस, म्हणजे लग्न झालेलं नसेल तर कायद्यानं तोही अज्ञानच. तीन मुलगे, कुणीच पंचविशीचा नाही, बाप प्राध्यापक, मागे काहीतरी मालमत्ता असणारच, मग पालक नेमले गेले असणार. त्या नावांमध्ये आईचं माहेर सापडायची सगळ्यात चांगली संधी आहे. फक्त एक, शिकलेली पैसेवाली माणसं बरेचदा मृत्युपत्रातच लिहून ठेवायची की वेसकामरनं आमच्यात पडायचं नाही. तसं असेल तर त्या खात्यात हाती काही लागणार नाही, मग नोटरीच्या वह्यांत मृत्युपत्र शोधायचं.

लॅटिनचा_नाद

ह्याला जोडून विद्यापीठाचं दाखलपुस्तक, आल्बुम स्टुडिओसोरुम. लायडनचं १५७५ ते १८७५ पर्यंतचं छापलेलं आहे, नाव, गाव, वय, विषय, सगळं लॅटिनमध्ये. पण वयावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रेम्ब्रांटचंच बघा, २० मे १६२० ला दाखल, वय लिहिलंय १४, आणि जुलै १६०६ चा जन्म धरला तर तेव्हा तेरा पूर्ण होऊन चौदावं चालू होतं. म्हणजे एक तर चालू वर्ष मोजलंय किंवा जन्मसालच एक वर्षानं चुकलंय, वाद आजही आहे. वयावरून काढलेलं जन्मसाल नेहमी 'सुमारे' लावूनच लिहा.

दुसरं म्हणजे दाखल झाला म्हणजे शिकला असं नाही. विद्यापीठाच्या माणसांना बिअर आणि वाइनवरच्या करात सूट होती, शहराच्या पहाऱ्यातूनही सुटका होती, त्यामुळे नुसतं नाव नोंदवणारेही असायचे. आणि लहान मुलंही दाखल व्हायची, पुढं नावाजलेला कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस १५९४ मध्ये अकरा वर्षांचा असताना गेला. त्यामुळे एकाच नावाचा दहा वर्षांचा आणि वीस वर्षांचा अशा दोन नोंदी दिसल्या तर लगेच दोन माणसं धरू नका, पण लगेच एकही धरू नका.

सगळ्यात गोड साधन मात्र प्रबंधाचं अर्पणाचं पान. डॉक्टरेटच्या छोट्या छापील पुस्तिकेत विद्यार्थी बापाला, मामाला, सासऱ्याला, शहरातल्या डॉक्टर चुलत्याला नावानिशी वंदन करतो, नातं लिहून. लोक मजकूर वाचतात आणि ते पान उलटून टाकतात.

रानफूल

मी वनस्पतींकडून ह्या विषयात आले, म्हणून ह्यूर्नियस घराण्याचं सांगते, तुमच्या बोंटियसांच्या अगदी शेजारचं. बाप योहानेस, उत्रेख्तचा, १५८१ मध्ये लायडनला प्राध्यापक. मोठा मुलगा ओटो १५७७ मध्ये उत्रेख्तलाच जन्मलेला, १६०१ मध्ये बाप गेल्यावर त्याच जागेवर आला, १६३६ मध्ये त्यानं लायडनच्या सेसिलिया रुग्णालयात विद्यार्थ्यांना रोग्यांच्या खाटेपाशी नेऊन शिकवायला सुरुवात केली. धाकटा युस्टुस १५८७ चा, वैद्यक शिकला, मग धर्मोपदेशक झाला आणि १६२४ मध्ये बटाव्हियाला निघाला. वाटेत केप ऑफ गुड होपला जहाज थांबलं तिथं त्यानं झाडांची चित्रं काढली आणि ओटोला पाठवून दिली. ती ॲमस्टरडॅमहून १६४४ मध्ये छापली गेली. ताऱ्यासारख्या मांसल फुलाची एक पूर्ण प्रजात पुढं त्याच्या नावानं, हुएर्निया म्हणून, ओळखली जाऊ लागली, फक्त नाव देणाऱ्यानं स्वरांची अदलाबदल केली, ई-यू च्या जागी यू-ई लिहिलं, आणि नियमानं ती चूक आता तशीच कायम आहे. म्हणजे डे बोंटच्या स्पेलिंगचा त्रास फक्त तुम्हालाच नाही.

सांगायचा मुद्दा हा की भाऊ-भाऊ असल्याचा पुरावा तिथं चित्रांच्या प्रवासात आहे. घराणं समजून घ्यायचं तर कोण कुणाला काय पाठवतो ते बघा. आणि उत्रेख्तच्या तारखा जपून, हॉलंड प्रांतानं नवं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२-८३ च्या हिवाळ्यातच घेतलं, उत्रेख्त प्रांतानं थेट १७०० मध्ये. एकाच घरातल्या दोन पत्रांत दहा दिवसांचा फरक दिसला तर तो कॅलेंडरचा असू शकतो.

जुनी_पानं

धर्मही बघत जा, हे राहिलंच. बिडलो घराणं घ्या. खोफर्ट बिडलो, १६८५ च्या त्या भव्य शरीररचनेच्या ॲटलासचा कर्ता, राजा तिसऱ्या विल्यमचा डॉक्टर. थोरला भाऊ लाम्बर्ट औषधविक्रेता, आणि लाम्बर्टचा मुलगा निकोलास पीटर द ग्रेटचा डॉक्टर होऊन मॉस्कोला गेला, तिथं रुग्णालय आणि वैद्यकशाळा उभी केली आणि १७३५ मध्ये तिथंच वारला. हे घर मेनोनाइट पंथाचं. त्यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या समजुतीनं घ्यायचा असतो, म्हणून जन्माच्या आसपासची नोंद शोधली तर मिळतच नाही, आणि मिळते ती विशी-पंचविशीची असते. ती जन्माची समजून कुणी झाडात टाकली की अख्खी पिढी वीस वर्षांनी सरकते.

आणि ताई, लायडनची १६२२ ची डोईपट्टीची, म्हणजे माणशी कराची, यादी नक्की बघा. घरोघर जाऊन माणसं मोजली होती, नवरा, बायको, मुलं, मोलकरीण, नावासकट. रेनियर १६२३ मध्ये गेला, म्हणजे यादीच्या वेळी तो होता.

शोधवही

१६२२! आणि याकोब बटाव्हियाला गेला १६२७ मध्ये, म्हणजे तो तोपर्यंत लायडनलाच असेल तर बायकोमुलांसकट त्याच यादीत असायला हवा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर आता क्रम असा लावलाय, आधी १६२२ ची यादी डे बोंटच्या तिन्ही स्पेलिंगनं, मग रेनियर आणि याकोबच्या ओंडरट्राऊ नोंदी आणि सोबत कोण उभं होतं ते, मग १५९९ नंतरचं वेसकामर आणि तिथं नसेल तर नोटरी. आईचं माहेर मिळेपर्यंत झाडात तिची चौकट रिकामीच ठेवतेय. बाई डॉक्टरवाला परिच्छेद काढून टाकला, पण तिच्या बापाचं नाव त्या दोन अक्षरांमुळेच मिळालं, ते टिपून ठेवलंय.

वेसकामर, एक विचारू का, पालक म्हणून चुलता आणि मामा दोघांची नावं आली आणि नातं लिहिलेलं नसलं, तर कोण कुठल्या बाजूचा हे कसं ओळखता?

वेसकामर

मुलांच्या नावांवरून अंदाज बांधायचा. पहिल्या मुलाला बहुधा आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, आणि मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव पुन्हा. पालकाच्या बापाचं नाव त्याच्या स्वतःच्या नावाला जोडलेलं असतंच, ते ज्या आजोबाशी जुळेल ती बाजू. पण हा फक्त अंदाज हां, पेन्सिलनं लिहायचा, शाईनं नाही. यादीत रेनियरचं घर मिळालं की मुलांची नावं इथं टाका, मिळून लावून बघू.