टमी टक करायचंय, अनुभव असलेल्यांनी पटकन सांगा (मदत हवी आहे)

निवांत_नाही: टमी टक (पोटाची सैल कातडी कापून पोट घट्ट करायची शस्त्रक्रिया) करायचं ठरलंय. पुढच्या महिन्यातली तारीख मिळतेय, दोन दिवसांत कळवायचं आहे. दोनच प्रश्न: किती दुखतं आणि ऑफिसला कधी जाता येतं? 'व्यायाम करा' सांगायला कृपया येऊ नका. करून झालाय.

रानवारा: बैठं काम असेल तर दोन ते चार आठवडे. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं. पण वय काय, मुलं किती, सिझर झालंय का, काहीच लिहिलं नाहीत!

निवांत_नाही: ३६. दोन मुलं. धाकट्याच्या वेळी सिझर. त्याचा काय संबंध?

बोका_नं_१: ताई, कशाला ती चिरफाड? दिवसातून दोनदाच जेवा. माझं पोट तसंच गेलं.

उचकी: बोकोबा, तुमची चरबी होती. बाळंतपणात कातडी ताणून सैल पडते, पोटाचे मधले स्नायू फाकतात. ते उपाशी राहून जुळणारेत का?

बोका_नं_१: उपाशी कोण म्हणालं? दोनदा म्हणालो.

झुळूक: लायपो (नळीने चरबी ओढून काढतात ते) का नाही करत? बारीक छेद, दोन दिवसांत घरी. माझ्या वहिनीने केलंय.

रानवारा: लायपोने चरबी निघते, कातडी तशीच राहते, कधी कधी जास्तच लोंबते. टमी टकमध्ये बेंबीखालची जादा कातडी कापतात, फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबीला नवीन भोक पाडतात. व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, फिकट व्हायला वर्ष सहज जातं. सिझरची खूण बहुतेक वेळा त्या कातडीबरोबरच जाते, म्हणून विचारलं. मी केलंय. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात होतं, वैताग आला तो जखमेतलं पाणी काढायच्या नळ्यांचा आणि पोटाला बांधायच्या पट्ट्याचा. बेंबीखाली अजून बधिर आहे. आणि तिसरं मूल हवं असेल तर आत्ता करूच नका, शिवलेलं सगळं पुन्हा ताणतं.

भूलभुलैया: मी भूलतज्ज्ञ आहे. वजन स्थिर आहे का? बाळाला पाजताय का? कुठल्या गोळ्या चालू? सिगारेट?

निवांत_नाही: तिसरं नको, बाई. पाजणं कधीच बंद झालं. वजन अजून उतरतंय, म्हणजे चांगलंच ना? गर्भनिरोधक गोळ्या आहेत. सिगारेट नाही. व्हेप (ई-सिगारेट), कधीतरी.

भूलभुलैया: व्हेपमध्येही बहुतेक वेळा निकोटीन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, ताणून शिवलेल्या कातडीला रक्त पुरत नाही आणि जखमेची कड काळी पडून मरू शकते. आधी आणि नंतर कित्येक आठवडे पूर्ण बंद हवं. गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असेल तर पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून दुसरी सोय बघा. आणि वजन उतरतंय तोवर थांबा. निदान सहा महिने एका जागी राहू दे, नाहीतर कातडी पुन्हा सैल. तुमच्या डॉक्टरांनी हे विचारलं असेलच.

निवांत_नाही: नाही. फोटो काढले आणि खर्च सांगितला.

उचकी: काय?? प्लास्टिक सर्जन आहेत ना नक्की?

निवांत_नाही: कॉस्मेटिक क्लिनिक आहे. भिंतीवर सर्टिफिकेटं बरीच आहेत.

उचकी: भिंतीवर माझंही आहे, पोहण्याचं.

झुळूक: केसांच्या प्रत्यारोपणाचा कुणाला अनुभव आहे का? मिस्टरांसाठी.

रानवारा: वेगळा धागा काढा हो. @निवांत_नाही, त्यांनी प्लास्टिक सर्जरीचंच शिक्षण घेतलंय का, भूल कोण देणार, रात्री त्रास झाला तर कुठल्या दवाखान्यात नेणार, हे लेखी विचारा. चिडले तर दुसरीकडे जा.

निवांत_नाही: बरं. खोकल्यावर बेंबीजवळ सुपारीएवढं फुगतं, तेही याच्यात जाईल ना?

भूलभुलैया: हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! हर्निया असू शकतो. बऱ्याचदा तो त्याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करता येतो, पण सर्जनला आधी माहीत हवं. तपासून घ्या, सोनोग्राफी सांगतील. तिथे अचानक जोरात दुखलं, उलट्या झाल्या किंवा फुगवटा आत जाईना, तर तारखेची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

निवांत_नाही: नाही, दुखत नाही. उद्या जनरल सर्जनकडे नंबर लावते. तारीख नाही घेत आत्ता.

बोका_नं_१: माझंही बेंबीजवळ फुगतं, पण ते गॅसचं असेल ना?

उचकी: बोकोबा, तुम्हीपण नंबर लावा.