अख्खं फोल्डर उतरवून घेताना: तुमचे अनुभव सांगा

सदाफुली:
भाच्याच्या मुंजीचे फोटो आले आज. आले म्हणजे गूगल ड्राइव्हवरच्या फोल्डरची लिंक आली. खाली फोटोग्राफरने लिहिलंय, ३० दिवसांत उतरवून घ्या. ते वाचलं आणि पोटात गोळाच आला.

२०१९ ला आजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं होतं. ८१ दिव्यांनी ओवाळणं, गुळाची तुला, चार पिढ्या एका मांडवात. महिन्याभराने लिंक आली, साडेअकराशे फोटो. रात्री जेवणं झाली की सगळे फोनवर बघत बसायचो. आवडलेले चार-पाच घरच्या ग्रुपवर टाकले. फोटो आपल्याकडे आहेत असंच धरून चाललो सगळे. २०२१ मध्ये आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लिंक उघडली, तर आत काहीच नाही. फोटोग्राफरने स्टुडिओ बंद केलेला, नंबर लागेना. ग्रुपवरचे फोटो मोठे करायला गेलं की चेहरा पार फुटायचा.

तिसऱ्या दिवशी पनवेलच्या आतेभावाचा फोन. "अगं, माझ्याकडे सगळं आहे. तेव्हाच हार्ड डिस्कवर घेतलं होतं." डिस्क घेऊन एसटीने स्वतः आला तो. त्यात एक फोटो आम्ही कुणी धड पाहिलाच नव्हता. तुला झालीय, मंडळी पंगतीकडे वळलीत, आणि आजी पदराआड ढेपेचा खडा तोंडात टाकतेय. तोच लावला.

तर अख्खं फोल्डर उतरवताना तुमचं काय काय झालं, लिहा. मला या महिन्यात मुंजीचं काम उरकायचंय.

गच्चीवरचा:
आतेभावाला माझा नमस्कार सांगा. असा एक माणूस प्रत्येक घरात हवा.

पाटपाणी:
मला आधी हे सांगा कुणीतरी, फोनवर फोल्डर डाऊनलोडचा पर्याय कुठे असतो? तीन ठिपके दाबले, नाव बदला आहे, शॉर्टकट आहे, डाऊनलोड नाहीच. ताईच्या डोहाळजेवणाचे फोटो आहेत, कालपासून शोधतेय.

दुपारचा चहा:
@पाटपाणी, तुमचं काही चुकत नाहीये. माझ्याही फोनवर ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये एकेक फाइल उतरते, फोल्डर नाही. आत जायचं, एका फोटोवर बोट दाबून धरायचं, मग बाकीचे निवडत जायचं आणि डाऊनलोड. शे-दीडशे फोटो असतील तर ठीक. जास्त असतील तर लिंक अ‍ॅपमध्ये न उघडता क्रोममध्ये उघडा, मेनूतून 'डेस्कटॉप साइट' करा, मग सगळं एकदम डाऊनलोड करायचं बटण दिसतं. मी असंच केलं, झालं. पण फोनमध्ये जागा दुप्पट लागते हं, झिप (सगळ्या फायली एकत्र बांधलेलं गाठोडं) एकदा आणि उघडलेलं एकदा. जमलं तर कुणाचा तरी कॉम्प्युटरच मागा.

पाटपाणी:
डेस्कटॉप साइट केलं, बटण दिसलं!! थँक्यू थँक्यू. आता उतरतंय.

रानजाई:
वाचतेय. कुकर झाला की लिहिते, माझ्याकडे मोठी गोष्ट आहे.

डोंगरमाथा:
मी शिक्षक. २०२० साली आमची वाडी कोयनेच्या पाण्यापलीकडे, बामणोलीहून लाँचने जायचं. शाळा बंद, केंद्रातून तिसरी-चौथीच्या कृतिपत्रिकांचं फोल्डर आलं, सव्वातीन जीबी. माझा प्लॅन दिवसाला दीड जीबीचा. कॉम्प्युटरवर फोल्डर मागितलं की ते दोन-दोन जीबीच्या झिपा करून देतं. एक झिप म्हणजेच माझ्या दिवसाच्या डेटापेक्षा जास्त, आणि रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस असेच गेले पठारावर बसून.

मग वही काढली. आत जाऊन फायलींची यादी लिहिली, पीडीएफ एका पानावर, व्हिडिओ दुसऱ्या पानावर. आधी पीडीएफ एकेक करून, त्या लहान असतात. उतरली की वहीत बरोबरची खूण. व्हिडिओंपैकी फक्त भागाकाराचे दोन घेतले. पाच दिवसांत झालं. झेरॉक्सला मेढ्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून कृतिपत्रिका पुठ्ठ्यांवर हाताने उतरवल्या आणि घरोघर फिरवल्या. ती वही अजून आहे माझ्याकडे.

गच्चीवरचा:
गुरुजी, वहीचा फोटो टाका ना.

सदाफुली:
@डोंगरमाथा वाचून गलबलून आलं. मुलं किती होती?

डोंगरमाथा:
सतरा. त्यातली एक आता साताऱ्याला हायस्कूलला आहे. वही शोधतो.

नदीकाठ:
आमच्याकडे सासूबाईंच्या ओव्या. त्या मुळशीकडच्या, जात्यावर दळताना म्हणायच्या त्या. नणंदेने तिकडे फोनवर रेकॉर्ड करून फोल्डर शेअर केलं, आम्ही अमेरिकेत, एडिसनला. ड्राइव्हवर २१२ फायली दिसत होत्या, झिप उघडल्यावर मोजल्या तर १८७. नवरा म्हणाला, येतील गं उरलेल्या. कुठून येणार? मी रात्री दीडपर्यंत एकेक नाव ताडून पाहिलं. न आलेल्या सगळ्या फायलींची नावं लांबलचक निघाली. नणंदेने प्रत्येक फाइलला ओवीची अख्खी ओळच नाव म्हणून दिलेली, शिवाय फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर. विंडोजला फाइलचा अख्खा पत्ता (वरच्या सगळ्या फोल्डरांची नावं धरून) साधारण २६० अक्षरांच्या आत लागतो, त्यापुढच्या फायली उघडतच नाहीत.

डेस्कटॉपवर चार फोल्डरांच्या आत न उघडता थेट सी ड्राइव्हवर एकाक्षरी फोल्डर केलं, सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रामने तिथे उघडलं. २१२ च्या २१२. सगळ्यात लांब नावाची होती ती भावावरची ओवी. सासूबाई मधेच थांबतात, "पीठ बघ गं जाड येतंय का" म्हणतात आणि पुढे गातात. ती त्या पंचविसात होती.

ओसरी:
@नदीकाठ, अहो मुळशीच्या ओव्या म्हणजे खजिना आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह 'पारी'कडे (ग्रामीण भारताच्या गोष्टी जपणारं संकेतस्थळ) आहे, गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासकट. तुमच्या सासूबाईंचं गाव बघा त्यात सापडतंय का.

नदीकाठ:
@ओसरी माहीत नव्हतं! आत्ता रात्र आहे इकडे, सकाळी त्यांनाच फोन करून विचारते की कोणी आलं होतं का त्या वेळी.

ओसरी:
कळवा नक्की. माझी आई पौडची, तीही म्हणायची. आम्ही रेकॉर्ड केलं नाही.

पाटपाणी:
माझ्या झिपा तीन आल्या, शेवटी ००१, ००२, ००३. पहिली उघडली तर ओटी भरतानाचे निम्मेच फोटो. उरलेले गेले का?

दुपारचा चहा:
नाही नाही, ते बाकीच्या दोघींत विखुरलेले असतील. एकच फोल्डर तीन झिपांत वाटलं जातं. तिन्ही एकाच ठिकाणी उघडा, आपोआप जुळतं. आणि दोन जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तर तो बहुतेक झिपच्या बाहेर वेगळा उतरतो, डाऊनलोड्समध्ये बघा.

रानजाई:
कुकर झाला, भाजी टाकली, आता लिहिते.

माझे बाबा गेले २०२१ च्या एप्रिलमध्ये. कोविड. त्यांनी 'घर' नावाचं फोल्डर आम्हा तिघा भावंडांना शेअर केलेलं. सातबारा, फेरफार, वीजबिलं, विम्याचे कागद. आम्हाला तर दिसतंच आहे म्हणून दोन वर्षं कुणी हात लावला नाही. खरं सांगायचं तर उघडवत नव्हतं. मग २०२३ मध्ये बातमी वाचली की दोन वर्षं न वापरलेली गूगल खाती डिसेंबरपासून काढून टाकणार. शेअर केलेलं आपल्याला दिसतं, पण ते असतं देणाऱ्याच्या खात्यात. ते खातं गेलं की ते फोल्डरही गेलं. आणि भावाने 'माझ्या ड्राइव्हवर घेतलंय' म्हणून जे केलेलं तो नुसता शॉर्टकट होता, म्हणजे मूळ फोल्डरकडे नेणारी खूण, प्रत नव्हे.

त्या रात्री तिघं व्हिडिओ कॉलवर बसलो. बहिणीने फोल्डर उतरवलं, मी मोजलं, भावाने दुसऱ्या डिस्कवर घेतलं. आणि कागदांच्या खाली एक शीट निघाली, 'पाऊस'. बाबांनी परसात पर्जन्यमापक लावलेला, तो आम्हाला माहीत होता. पण २०१३ पासून रोजची नोंद ठेवलीय हे माहीत नव्हतं. तारीख, मिलिमीटर, आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द. 'बेडूक.' 'छत्री विसरलो.' 'रानजाईला ताप.' शेवटची नोंद मार्चातली, अवकाळी, ४ मिमी.

गूगल शीट झिपमधून एक्सेल होऊन येते, सगळे रकाने नीट आले. आता भाऊ पुढच्या नोंदी करतो, त्याच परसात.

सदाफुली:
रानजाई… काय लिहू. घट्ट मिठी.

काळी माती:
ताई, तुमच्या बाबांना नमस्कार. आमच्याकडे आजोबा पंचांगात पावसाच्या नोंदी करायचे.

गच्चीवरचा:
बाबांचा फोन आणि पासवर्ड अजून असेल तर त्यांच्या खात्यावरून गूगल टेकआऊटही (खात्यातलं सगळं एकदम उतरवून घ्यायची सोय) करून ठेवा. त्यात फक्त त्यांच्या मालकीचं येतं, इतरांनी शेअर केलेलं येत नाही, पण मेल आणि फोटोही मिळतात. तयार झाल्यावर लिंक आठवडाभरच चालते, लगेच उतरवा. आणि आपल्या सगळ्यांसाठी: खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर' आहे. आपण बराच काळ खातं वापरलं नाही तर काय कुणाला द्यायचं ते ठरवता येतं, १० जणांपर्यंत. मी आज दुपारीच बायकोचं नाव घातलं.

रानजाई:
टेकआऊट तेव्हाच केलं दादा. पण हे दुसरं आजच करते.

काळी माती:
मोठं फोल्डर असेल तर मी आरक्लोन नावाचा प्रोग्राम वापरतो. काळ्या खिडकीत आज्ञा लिहावी लागते, पण एकदा जमलं की झिपचा प्रश्नच नाही. फायली जशा आहेत तशा येतात, मधेच वीज गेली तर पुन्हा चालू करा, आलेल्या सोडून उरलेल्याच आणतं. आमच्या गावच्या जत्रेचं ६० जीबीचं फोल्डर लोडशेडिंगमध्ये तीन रात्रींत उतरवलं. मग तमाशाचा एक मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ होता, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घेतला, मग गेला. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसतं, आधी काढून ठेवा.

पाटपाणी:
कुठली जत्रा दादा?

काळी माती:
पाल. खंडोबाची. पौषातली.

पाटपाणी:
अय्या, माझं माहेर उंब्रज! हत्तीवरून मिरवणूक निघायची ते आहे का त्यात?

काळी माती:
नाही, हे फोल्डर अलीकडचं. पण चुलत्यांकडे जुन्या कॅसेटी आहेत, विचारतो.

सदाफुली:
मुंजीचं झालं! सात झिपा, १,३८६ फोटो, दोनदा मोजले. एक प्रत माझ्याकडे, एक वहिनीकडे, एक आतेभावाला उद्याच्या एसटीने पाठवतेय. मातृभोजनाच्या फोटोत भाचा आईच्या ताटातली जिलबी घेतोय आणि मागे भिंतीवर आजीचा तोच फोटो दिसतोय, गूळ खातानाचा.

नदीकाठ:
फोन झाला. सासूबाई म्हणाल्या, आले होते गं दोघं-तिघं, टेप घेऊन, मी लाजून आत पळाले, थोरल्या जाऊबाई गायल्या. शोधतेय आता जाऊबाईंचं नाव.