सिक्वेन्सरचं संगीत: वाजवणारा कोण, माणूस की मशीन?

रंकाळ्याकाठचा:
परवा घरी जर्मन सिंथवाल्या क्लाउस शुल्झची 'टाइमविंड' लावली होती. १९७५ची रेकॉर्ड, दोन बाजूंना दोनच तुकडे, जवळपास अर्ध्या-अर्ध्या तासाचे. दहा मिनिटांनी वडील आतून ओरडले, "सुई अडकलीय काय बघ की रे!" मोबाईलवर लावलं होतं, सुई कुठली.

(त्यातल्या दुसऱ्या तुकड्याच्या नावात १८८३ आहे, जर्मन संगीतकार वाग्नर गेला ते साल. आपल्या कोल्हापूरचा गाण्याचा देवल क्लबही १८८३चाच. कशाचा कशाला संबंध नाही, पण मला मजा वाटली.)

माझं म्हणणं असं की शुल्झ, टँजरिन ड्रीम हा बँड वगैरे बर्लिनच्या मंडळींनी जे केलं ते आपल्या लेहऱ्याच्या जवळचं आहे. तबला सोलोला पेटीवाला तासभर एकच ओळ धरून बसतो, तेव्हा कुणी सुई अडकली म्हणत नाही. सिक्वेन्सर, म्हणजे लावून दिलेले सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, तीच ओळ धरतो. माझ्याकडे तसा एक सेकंडहँड डबा आहे, आठ नॉबचा. पाचवा नॉब केसभर फिरवला की सगळी ओळ वेगळंच बोलायला लागते. एका रात्री त्या एका नॉबवर पाऊण तास गेला, जेवण गार झालं.

धाधातिटे:
लेहऱ्याचं नाव घेतलंत म्हणून लिहितो, नाहीतर गप्प बसणार होतो. पेटीवाला ओळ धरतो, पण ऐकतही असतो. माझी लय चढली की तोही चढतो. तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) फसली तर नुसत्या भुवईनं सम, म्हणजे पहिली मात्रा, दाखवतो. तुमचा डबा ढिम्म. मी मेलो तरी त्याची ओळ चालूच.
आणि मींड? सूर न तोडता एकावरून दुसऱ्यावर जाणं, ते कुठं? अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात दरबार गायक होते, तिथं बसून आठ नॉबचं कौतुक सांगताय.

लेथवाला उद्यमनगर:
हा डबा आतनं कसा चालतो ते आधी बघूया. मूग कंपनीच्या ९६० सिक्वेन्सरवर आठ घरं (एकेका सुराची जागा), तीन ओळी. प्रत्येक घराला नॉब, नॉब फिरवला की व्होल्टेज बदलतं, एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. मधे पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. म्हणजे बारा सुरांचं कुंपण कीबोर्डला, ह्याला नाही. गंधार कानानंच लावायला लागतो, तंबोरा लावल्यासारखा.
दुसरं, ते मशीन तापतं. टँजरिन ड्रीमची 'फेड्रा' (१९७४) रेकॉर्ड करताना ऑसिलेटर (सूर काढणारी सर्किटं) गरम होत गेले तसे सूर सरकले, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. आमच्याकडं लेथवरनं उतरलेल्या गरम जॉबला (घडवलेल्या भागाला) मायक्रोमीटर लावला तर शिव्या बसतात. गार झाल्यावर तो मापात कमी भरतो आणि अख्खा माल रिजेक्ट. त्या लोकांनी गरम जॉबच गिऱ्हाइकाला दिला आणि वर नाव कमावलं. मला तरी लई आवडतं ते.

महाद्वाररोड:
बेस किती आहे तेवढं सांगा भावांनो. मिरवणुकीत चालेल का?

लेथवाला उद्यमनगर:
चालणार नाही. लोक नाचायच्या ऐवजी खाली बसतील.

रंकाळ्याकाठचा:
@धाधातिटे, मींडेचं बोललात म्हणून. १९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग सिंथवर वाजवून रेकॉर्ड काढली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारा माणूस. हाताशी रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं बेस-सिंथ, त्यात सोळा घरांचा सिक्वेन्सर आणि स्लाइडची सोय. सूर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर वाजली.

धाधातिटे:
ऐकलीय. राग ओळखू येतात, माणूस तयारीचा होता यात वाद नाही. पण घसरणं म्हणजे मींड नव्हे. मींडेत मधल्या वाटेवर कुठं रेंगाळायचं ते गाणारा त्या क्षणी ठरवतो. ३०३चा सूर दर वेळी तेवढाच घसरतो. आणि खालचा ठेका पहिल्यापासून सुरू, मग आलाप बसायचा कुठं?
लेथवाल्यांचं तापण्याचं मात्र पटलं. माझा तबला पावसाळ्यात उतरतो, फिरवून फिरवून हातोडीनं चढवत बसतो.

रंकाळ्याकाठचा:
आलापाचं मान्य. पण लयीचं नाही. एक ओळ सातची, दुसरी आठची अशी सोडली की दोन्ही छप्पन्न मात्रांनी एकत्र पहिल्या घरावर येतात. ती सम नव्हे तर काय?

धाधातिटे:
सम आली, पण तिची वाट कुणी बघितली?
असं करा. रविवारी सकाळी डबा घेऊन घरी या. तुम्ही आठाची ओळ लावा, मी सात मात्रांचा रूपक धरतो. आठ आवर्तनांनी भेटू. मधे मी मुद्दाम लय चढवणार, तेव्हा तुमचा हात नॉबवर जातो का बघायचं.
वडिलांनाही आणा.