गोगलगाय खाणारी माशी वाचवायची आहे, रविवारी काठ जाळणार आहेत

कादवाकाठ:
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग, नांदूर मध्यमेश्वर धरणाच्या फुगवट्यापासून जवळच. बागेच्या बांधाखाली माझ्याच गटात एक डबकं आहे. भोवती लव्हाळा आणि पाणकणीस. गेली तीन वर्षं तिथे एक माशी बघतोय. तांबूस, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, शिंगं समोर रोखलेली, मागच्या मांड्या नाकतोड्यासारख्या जाड. लव्हाळ्याच्या पात्यावर बसते ती डोकं खाली करून. दुसरीकडे कुठे दिसली नाही.

परवा त्या डबक्यातल्या पाण्याची बरणी भरून आणली. एक काळपट अळी पाण्याच्या वरच्या थराला लटकून तरंगत होती. बारीक गोगलगाय जवळ आली तशी तिने तोंड शंखात खुपसलं. गोगलगाय आत दडली, तर ही पाठोपाठ आत. सकाळी शंख रिकामा! मी बी.एस्सी. प्राणिशास्त्र केलंय, पण असं काही पाहिलं नव्हतं.

रविवारी गावातली मंडळी पाणकणीस जाळून काठ साफ करणार आहेत. ही माशी दुर्मीळ असेल तर तिला संरक्षण मिळेल का? आणि त्यांना थांबवू कसा?

लव्हाळा:
दादा, वर्णनावरून ही सायोमायझिडी कुळातली, बहुधा सेपेडॉन. या कुळातल्या अळ्या गोगलगाई मारून खातात हे अमेरिकी संशोधक क्लिफर्ड बर्ग यांनी १९५३ मध्ये मांडलं. अळी हवा गिळून तरंगते, कोषही पाण्यावर तरंगतो. अंडी घालते उभ्या पात्यांवर, ओळीने.

दुर्मीळ म्हणायची घाई मात्र नको. पक्ष्यांसाठी नांदूर मध्यमेश्वरला शेकडो दुर्बिणी लागतात, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. माश्यांकडे बघतो कोण? आधी फोटो काढा: बाजूने, समोरून, पंखाचा, मागच्या पायाचा. तारीख आणि जागा लिहून ठेवा. जात पक्की करायला बऱ्याचदा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारा. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही पकडू नका.

संरक्षण माशीला नाही, काठाला द्यायचं. सगळं एकदम कापू किंवा जाळू नका. यंदा एक बाजू कापा, दुसरी पुढच्या वर्षी. कापलेलं दोन दिवस तिथेच काठावर पडू द्या. पानवेली (जलपर्णी) काढल्या तर चालेल, त्या खुशाल काढा.

गोठा_निफाड:
गावाला माशीचं कौतुक सांगू नका, म्हशीचं सांगा. लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा कृमी, तो वाढतो पाण्यातल्या गोगलगाईत. तिथून बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातो. मग दूध आटतं, जबड्याखाली पाणी उतरतं. त्याच गोगलगाई कमी व्हाव्यात म्हणून १९५० च्या दशकाअखेरीस हवाई बेटांवर मध्य अमेरिकेतून सेपेडॉन माशी मुद्दाम नेऊन सोडली होती. आपल्याकडे तशी माशी आपसूक आहे.

पण नुसत्या माशीवर विसंबून राहू नका. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचंच, आणि काठचा ओला चारा टाळायचा.

लव्हाळा:
आणखी एक, दादा, राग मानू नका. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) तुमचा फवारणीचा ब्लोअर किती दिवस चालतो? टाकी कुठे धुता?

कादवाकाठ:
राग कसला. टाकी डबक्याच्याच नाल्यात धुतली जायची, वडिलांच्या वेळेपासून. थ्रिप्स, उडद्या असल्या किडींचं सगळं औषध तिकडेच जायचं. कालपासून बंद. बांधाच्या वरच्या अंगाला खड्डा घेतलाय. डबक्याकडच्या दोन ओळींना ब्लोअर न लावता पाठीवरच्या पंपाने फवारणार, तेही वारा पडल्यावर.

गावात बोललो. म्हशीचं ऐकून दोघा-तिघांनी मान डोलावली, त्यातल्या एकाची म्हैस मागच्या साली अशीच गेली होती. पूर्वेकडचा काठ राखायचं ठरलं. जाळायचं नाही, पश्चिमेकडचं विळ्याने कापायचं. पूर्वेकडे बांबू रोवून सुतळी बांधली आहे.

बरणीतल्या अळीचा काल कोष झाला. तपकिरी आहे, एक टोक वर वळलेलं. माशी बाहेर आली की फोटो काढून तिला त्याच पात्यांवर सोडेन. तोवर बरणीला फडकं बांधू की झाकणाला भोकं पुरतील?