गळू फोडताना भूल नीट लागत नाही: लिग्नोकेन कुठे चुकतं?

आडवळणाचा_डॉक्टर

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रोजच्या कामांबद्दल विचारायचं आहे: करट-गळू फोडणं, नखुरडं, अंगठ्यात रुतलेलं नख, विळ्या-कोयत्याच्या जखमांना टाके. हाताशी लिग्नोकेनची (जागेवर भूल देणारं औषध) २ टक्क्यांची ३० मिलिची बाटली, अ‍ॅड्रेनॅलिनचे (ते रक्तवाहिन्या आवळतं) १ मिलिचे आणि सोडियम बायकार्बोनेटचे ७.५ टक्क्यांचे अँप्यूल असतात. भूलतज्ज्ञ नाहीत.

टाक्यांच्या वेळी भूल लागते, पण ती देतानाच पेशंट हात ओढून घेतो. गळवाला ५-६ मिलि देऊनही चिरा मारला की बोंब ठरलेली. बोटाचा ब्लॉक (मुळाशी नसांभोवती भूल देऊन अख्खं बोट बधिर करणं) कधी झकास, कधी अजिबात नाही, आणि बोटाला अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचं की नाही यावर दोन सीनियर दोन गोष्टी सांगतात. शिवाय जखम लांब असली तर किती मिलिवर थांबायचं? वॉर्डात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

---

सुईदोरा

आधी टोचण्याबद्दल, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

बाटलीतून औषध ओढायला वापरलेल्या सुईने पेशंटला टोचू नका. रबरी बुचातून गेली की तिचं टोक बोथट होतं. ओढायला जाड सुई, टोचायला २६ नंबरची अर्धा इंची. मुलांच्या चेहऱ्यावर इन्सुलिन सिरिंज उत्तम. जखम बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर धडधाकट कातडीतून आत जाऊ नका, जखमेच्या कडेतून, उघड्या चरबीच्या थरातून जा. त्याआधी जखमेत लिग्नोकेनचे चार थेंब टाकून मिनिटभर थांबा. पुढची टोच आधीच्या बधिर भागाच्या आतल्या बाजूला.

वेग हा खरा गुन्हेगार. १ मिलिला निदान अर्धं मिनिट घ्या. घड्याळ लावून बघा, आपण सगळे ५ सेकंदांत ढकलत असतो. टोचतेवेळी शेजारची कातडी दुसऱ्या हाताने चिमटीत धरून हलवत राहा. स्पर्श आणि दाबाच्या संवेदना पाठीच्या कण्यात वेदनेचं दार थोडं लोटून घेतात, हे मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलंय आणि ओपीडीत ते फुकट मिळतं.

जळजळीचं कारण आम्लता. साध्या लिग्नोकेनचा पीएच ६ च्या आसपास असतो, तयार अ‍ॅड्रेनॅलिनवाल्याचा ४ च्या आसपास. तुमच्याकडे बायकार्ब आहेच, तर १० मिलिच्या सिरिंजमध्ये ५ मिलि २ टक्के लिग्नोकेन, ४ मिलि नॉर्मल सलाइन आणि १ मिलि बायकार्ब घ्या. झालं १० मिलि १ टक्क्याचं, न झोंबणारं. कातडीच्या कामाला १ टक्का पुरतो. २ टक्के वापरून भूल दुप्पट लागत नाही, विषारी मर्यादा मात्र निम्म्या मिलित गाठली जाते. बायकार्ब बुपिव्हाकेनमध्ये (जास्त वेळ टिकणारं दुसरं भुलेचं औषध) घालू नका, साका होतो.

आता गळू. लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध विद्युतभाराविना असतं तो आकडा) ७.९. म्हणजे निरोगी ऊतीत, ७.४ पीएचला, साधारण पाव भागच विनाभाररूपात असतो आणि तेवढाच नसेच्या आवरणातून आत शिरतो. पुवाच्या आसपास ऊती आम्लधर्मी झालेल्या, त्यामुळे हा पाव भागही आणखी घटतो. वर सुजलेल्या जागी रक्तपुरवठा जास्त, म्हणून उरलेलं औषध लवकर वाहून जातं. तुम्ही दिलेले ५-६ मिलि बहुतेक पुवाच्या पोकळीत किंवा लगतच्या लाल भागात जातात. पोकळीत दिलं तर आतला दाब वाढून दुखणं वाढतं, आणि सुई काढली की पू तोंडावर उडतो. चष्मा घाला.

लाल भागाच्या साधारण १ सेंमी बाहेर, समोरासमोर दोन जागी टोचा. प्रत्येक जागेवरून सुई दोन दिशांना तिरकी सरकवत, मागे येताना औषध सोडा. पतंगाच्या आकाराचं कुंपण तयार होतं. याला १ टक्क्याचे ८-१० मिलि लागतात. मग चिऱ्याच्या रेषेवर, कातडीच्या जाडीतच, १ मिलि. संत्र्याच्या सालीसारखा पांढरा फुगवटा उठला पाहिजे. तो उठला नाही तर तुम्ही खोल गेलात आणि चिरा दुखणार. त्यानंतर ७ ते १० मिनिटं थांबा. हे थांबणं बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि दोष बाटलीला जातो.

कुंपण कितीही चांगलं असलं तरी बोट घालून आतले कप्पे मोडताना दुखतंच. ते आधी सांगा, आणि पाऊण तास आधी पॅरासिटामॉल १ ग्रॅम आणि इबुप्रोफेन ४०० मिग्रॅ तोंडाने द्या (मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर इबुप्रोफेन वगळा). नंतर गॉज ठासून भरू नका. सैल वात पुरे. ठासलेलं गॉज पू अडवतं आणि दुसऱ्या दिवशी काढताना पुन्हा बोंब.

गुदद्वाराजवळचं, स्तनातलं, तळहाताच्या खोल कप्प्यातलं, मानेतलं खोल गळू स्थानिक भुलेत करायचा हट्ट नको, वर पाठवा. आणि जांघेत किंवा काखेत हाताला ठोके लागत असतील तर सुरी लांबच ठेवा. ती फुगलेली रक्तवाहिनी असू शकते.

---

गॅसवाला

डोसचं गणित करून देतो. टक्क्याला दहाने गुणलं की १ मिलितले मिग्रॅ: २ टक्के म्हणजे २०, १ टक्का म्हणजे १०, ०.५ टक्के म्हणजे ५.

साधं लिग्नोकेन किलोमागे ३ मिग्रॅ. अमेरिकन पुस्तकं ४.५ पर्यंत जातात, एकूण ३०० च्या आत. वॉर्डात वेगळे आकडे ऐकू येतात ते यामुळेच. एकट्याने काम करताना ३ धरा. अ‍ॅड्रेनॅलिनसह ७ मिग्रॅ, एकूण ५०० च्या आत. ६० किलोच्या माणसाला साधं १८० मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्याचे ९ मिलि किंवा १ टक्क्याचे १८. १५ किलोच्या मुलाला ४५ मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्याचे जेमतेम सव्वादोन मिलि! मुलांचे अपघात इथेच होतात. आधी कागदावर जास्तीत जास्त मिलि लिहा, तेवढंच सिरिंजमध्ये भरा, बाटली कपाटात. बुपिव्हाकेन किलोमागे २ मिग्रॅच्या वर नाही, आणि दोन्ही दिली तर मर्यादा वेगवेगळ्या धरायच्या नाहीत, विषार एकत्र मोजला जातो.

अ‍ॅड्रेनॅलिन घरी मिसळताना: १:१,००० चं (१ मिलित १ मिग्रॅ) ०.१ मिलि २० मिलि लिग्नोकेनमध्ये घातलं की १:२,००,००० होतं. ०.१ मिलि मोजायला इन्सुलिन सिरिंज घेता, पण आपल्याकडे ४० युनिटवाल्या आणि १०० युनिटवाल्या अशा दोन्ही मिळतात. पहिलीत ०.१ मिलि म्हणजे ४ रेघा, दुसरीत १०. टोपणाचा रंग न बघता ‘१० रेघा’ घेतल्या आणि सिरिंज ४० वाली निघाली तर अडीचपट गेलं. तयार बाटली मिळत असेल तर हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत.

टोचताना पेशंटला बोलतं ठेवा. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, जीभ जड, मधेच असंबद्ध बोलणं ही पहिली पायरी. नंतर झटके, मग हृदयाची लय बिघडते. त्वचेखाली दिलेलं औषध रक्तात चढायला वेळ घेतं, म्हणून मोठ्या डोसनंतर अर्धा तास नजरेसमोर बसवा. लक्षण दिसलं की इंजेक्शन बंद, मदतीला हाक, ऑक्सिजन, श्वासमार्ग मोकळा, झटक्यांना मिडाझोलाम. त्यापुढे २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं पांढरं द्रावण): किलोमागे १.५ मिलि शिरेतून साधारण मिनिटभरात (६० किलोला ९० मिलि), मग दर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलि, आणि एकूण १२ मिलि प्रतिकिलोच्या वर नाही. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून त्याजागी चालत नाही, त्यातली चरबी अपुरी आणि ते रक्तदाब पाडतं.

‘लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी’ म्हणून केसपेपरवर लाल शाईने लिहिलेलं बहुतेकदा घेरी असते: फिकट चेहरा, घाम, मंद नाडी, आडवं केलं की बरं. नाडी धावते आणि हात थरथरतात ते अ‍ॅड्रेनॅलिन. अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं ही खरी अ‍ॅलर्जी, आणि लिग्नोकेनला ती फार विरळा. मोठ्या बाटलीतल्या मिथाइलपॅराबेन या टिकाऊ द्रव्याला मात्र येऊ शकते. कातडीत थेंब टाकून केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून विषारापासून संरक्षण मिळत नाही. आणि घेरी टाळायला सगळ्या टोचण्या पेशंटला आडवं करूनच.

---

पाच_बोटं

बोटाला चार नसा: दोन तळव्याच्या बाजूच्या, जाड आणि महत्त्वाच्या, दोन पाठीच्या. बरेच जण पाठीकडूनच फुगवटा उठवून थांबतात, म्हणून ‘कधी झकास, कधी नाही’.

बोटाच्या मुळाशी, बेचक्याजवळ, पाठीच्या बाजूने आत जा. कातडीखाली अर्धा मिलि. सुई हाडाच्या कडेने तळव्याकडे सरकवा, तळव्याची कातडी दुसऱ्या बोटाने खालून जाणवेपर्यंत, पण भेदू नका. मागे ओढून रक्त येत नाही हे बघा, १ मिलि देत बाहेर या. दुसऱ्या बाजूला तेच. एकूण ३, फार तर ४ मिलि. बांगडीसारखं सगळीकडून भरलं तर द्रवच बोट आवळतो. पायाच्या अंगठ्याला पाठीवर आडवी एक रेघ जादा द्या. ५ ते १० मिनिटं थांबून सुईच्या टोकाने तपासा. दाब कळतो, टोच कळत नाही, हे पेशंटला आधीच समजावलं तर तो ‘अजून कळतंय’ म्हणून घाबरत नाही. नखुरडं नखाच्या कडेलाच असतं, ब्लॉक मुळाशी, म्हणून पुवाची आम्लता इथे आडवी येत नाही.

हातमोज्याचं बोट कापून, गुंडाळत मागे आणून पट्टा केलात तर त्याला आर्टरी फोर्सेप्स लावून ठेवा. विसरलेला पट्टा हे बोट काळं पडण्याचं अगदी खरं कारण आहे. २० मिनिटांच्या आत काढा.

अ‍ॅड्रेनॅलिनबद्दल: ‘बोट, नाक, कान, शिश्न नको’ हा नियम प्रोकेन या जुन्या भुलेच्या औषधाच्या जमान्यातला, तेव्हा साठवलेलं प्रोकेन फार आम्लधर्मी होत असे. कॅनडातल्या लालोंद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हात आणि बोटांत अ‍ॅड्रेनॅलिन दिलेले ३,११० सलग रुग्ण नोंदवले, एकाही बोटाचा नाश नाही, उतारा म्हणून फेंटोलामीनही लागलं नाही. आज हाताच्या शस्त्रक्रिया पट्ट्याविना, पेशंट जागा असताना याच जोरावर होतात, फक्त टोचल्यावर २५ मिनिटं थांबावं लागतं. तरी तुमच्या नखाच्या कामाला ते लागतच नाही. पट्टा पुरतो. आणि वर्षानुवर्षं बिडी ओढणारा, चालताना पोटरीत गोळे येणारा, बर्जरचा (तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा आजार) संशय असलेला, थंडीत बोटं पांढरी पडणारा पेशंट असेल तर साधंच द्या.

---

ड्रेसिंगरूम

बाटल्यांबद्दल एवढंच. साधी आणि अ‍ॅड्रेनॅलिनवाली वेगवेगळ्या ट्रेमध्ये. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर, २८ दिवसांनी फेका. तपकिरी झालेली अ‍ॅड्रेनॅलिनवाली बाटली वापरू नये. पाठीच्या कण्यात द्यायचं ‘हेवी’ (ग्लुकोज घालून जड केलेलं) अँप्यूल ओपीडीच्या कपाटात नकोच. आणि सिरिंजवर नाव लिहा. सलाइनसारखीच दिसते ती.

---

दाढदुखी

दातांकडेही हाच घोळ: पू झालेल्या दाढेच्या मुळाशी टोचून उपयोग नाही, खालच्या जबड्यात नस दूर मागे, ती शिरते तिथेच गाठावी लागते. आमच्या १.८ मिलिच्या काडतुसात २ टक्के लिग्नोकेन (३६ मिग्रॅ) आणि १:८०,००० अ‍ॅड्रेनॅलिन असतं. बोटासाठी ते कृपया उचलू नका.

---

आडवळणाचा_डॉक्टर

सगळ्यांचे आभार. दोन शंका. बायकार्बचं मिश्रण सकाळीच करून दिवसभर ठेवलं तर? आणि विंचू चावलेल्या बोटाला हाच ब्लॉक चालेल का?

---

गॅसवाला

ठेवू नका. पीएच चढवला की अ‍ॅड्रेनॅलिन लवकर मरतं आणि लिग्नोकेन तळाशी बसू शकतं. प्रत्येक पेशंटला ताजं करा, गढूळ दिसलं तर ओतून द्या.

विंचवाला ब्लॉक चालतो, साधं लिग्नोकेन, अ‍ॅड्रेनॅलिन अजिबात नाही. तास-दीड तास आराम पडतो. पण लाल विंचवाचं विष हृदयावर जे करतं ते याने थांबत नाही. घाम, लाळ, गार हातपाय, उलट्या, मुलग्यांमध्ये शिश्न ताठरणं दिसलं की प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) तोंडाने किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेला उपचार हाच. दुखायचं थांबलं म्हणून अशा पेशंटला घरी सोडू नका.